नेट नसताना टेस्ट चालवा, निकाल मागाहून सर्व्हरवर पोचवा

कारखान्याच्या बंदिस्त नेटवर्कवरचं मशीन, सुरक्षेसाठी बाहेरच्या जगापासून मुद्दाम तोडलेली लॅब, जहाजावर बसवलेलं उपकरण, किंवा नुसतीच अधूनमधून नेट जाणारी जागा. अशा ठिकाणी सॉफ्टवेअरच्या टेस्ट चालवायच्या आणि निकाल मात्र मध्यवर्ती सर्व्हरवर दिसायला हवेत, हे काम पहिल्यांदाच अंगावर आलं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

बहुतेक जण नेहमीची टेस्ट स्क्रिप्ट उचलतात. तिच्या शेवटी सर्व्हरला निकाल पाठवणारी एक ओळ असते, ती तशीच राहते. मग नेट गेलं की टेस्ट पास होऊनही ती शेवटची ओळ अडखळते, स्क्रिप्ट चुकीचा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे ठीक) देते आणि अख्खा रन लाल, म्हणजे फेल, दिसतो. कोणीतरी वैतागून त्या ओळीची चूक गिळून टाकतो. आता रन हिरवा दिसतो, पण निकाल कुठेच पोचत नाही आणि ते कळतही नाही. पहिल्यापेक्षा हे वाईट.

उदाहरणं मुख्यतः लिनक्स आणि पायथनची दिली आहेत. इतर भाषांमधले ठळक खड्डे त्या त्या जागी सांगितले आहेत.

## आधी हे जमवा

- टेस्ट जिथे चालणार त्या मशिनची माहिती: ऑपरेटिंग सिस्टिम, तिची आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार, पायथन किंवा जावाची नेमकी आवृत्ती. आठवणीने लिहू नका, त्या मशिनवरच कमांड देऊन उतरवून घ्या.
- नेट असलेलं, शक्यतो अगदी तसंच दुसरं मशीन किंवा कंटेनर (मशिनच्या आत वेगळं ठेवलेलं स्वच्छ वातावरण). याला पुढे 'तयारीचं मशीन' म्हणू.
- प्रकल्पाची लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती पक्की केलेली यादी.
- निकाल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, त्याचं टोकन (आत सोडण्यासाठीची गुप्त किल्ली), आणि त्या टोकनची मुदत कधी संपते ती तारीख.
- नेट जास्तीत जास्त किती काळ नसेल याचा अंदाज आणि तेवढे निकाल मावतील इतकी डिस्कवर जागा.
- बंदिस्त लॅब असेल तर पेनड्राइव्ह आत-बाहेर नेण्याची लेखी परवानगी, आणि निकालातलं काय बाहेर जाऊ शकतं याचं लेखी उत्तर. लॉगमध्ये ग्राहकाचा डेटा किंवा अंतर्गत पत्ते असतील तर हा प्रश्न शेवटी नाही, सुरुवातीलाच विचारायचा.

## १. टेस्टचं काम वेगळं, पाठवण्याचं वेगळं

दोन स्वतंत्र प्रोग्राम करा. पहिला टेस्ट चालवतो, निकाल डिस्कवर ठेवतो आणि संपतो. सर्व्हर नावाची काही चीज आहे हे त्याला माहीतही नसावं. दुसरा प्रोग्राम डिस्कवर पाठवायचं काही पडलंय का ते बघतो, पाठवतो, आणि सर्व्हरकडून पोचपावती मिळाल्याशिवाय मूळ प्रतीला हात लावत नाही.

यात हुशारी काहीच नाही, म्हणूनच हे टिकतं. टेस्ट पास की फेल हे टेस्टवरून ठरतं, पाठवणी झाली की नाही हे पावतीवरून. हे दोन प्रश्न एका एक्झिट कोडमध्ये कोंबू नका.

## २. टेस्टला नेट कुठे कुठे लागतं ते शोधा

'आमच्या टेस्टला नेट लागत नाही' हे वाक्य तपासल्याशिवाय मानायचं नाही. वाय-फाय बंद करून स्वतःच्या लॅपटॉपवर टेस्ट पास झाल्या तर फारसं काही सिद्ध होत नाही, कारण तुमच्या लॅपटॉपवर महिन्यांचा कॅशे, म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा, असतो. कोऱ्या मशिनवर तो नसणार.

खरी परीक्षा स्वच्छ कंटेनरमध्ये घ्या. डॉकर वापरत असाल तर कंटेनर चालवताना 'नेटवर्क' या पर्यायाला 'नन' ही किंमत द्या, बाहेर जायचा रस्ताच बंद होतो. डॉकर नसेल तर लिनक्समधली 'अनशेअर' ही कमांड प्रोसेसला वेगळं, रिकामं नेटवर्क देते. काही वितरणांवर तिला रूटची परवानगी लागते.

अनशेअरमध्ये एक खड्डा आहे. नव्या रिकाम्या नेटवर्कमध्ये लूपबॅक, म्हणजे मशीन स्वतःशीच बोलतं तो इंटरफेससुद्धा बंद असतो. त्यामुळे टेस्ट लोकलहोस्टवर छोटा सर्व्हर उभा करत असेल तर तीही फेल होते आणि तुम्ही बाहेरचं नेट शोधत बसता. आधी 'आयपी लिंक' कमांडने 'एलओ' हा इंटरफेस चालू करा. डॉकरच्या 'नन' नेटवर्कमध्ये लूपबॅक चालू असतो, तिथे ही कटकट नाही.

पायटेस्ट वापरत असाल तर 'पायटेस्ट-सॉकेट' हे प्लगइन सॉकेट उघडणंच अडवतं. त्याचा फायदा असा की नेमकी कोणती टेस्ट बाहेर जाऊ पाहतेय तिचं नाव कळतं. टाइमआउट होईपर्यंत वाट बघावी लागत नाही.

शोधताना या जागा हमखास बघा: लायसन्स तपासणारी लायब्ररी, वापराची आकडेवारी कळवणारं साधन, वेब पानावर बाहेरून येणारे फॉन्ट, पहिल्या वापराच्या वेळी डेटा किंवा मॉडेल उतरवून घेणारी पॅकेजेस, आणि वेळ जुळवणारी सेवा.

## ३. लागेल ते सगळं सोबत न्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर.

पायथन. तयारीच्या मशिनवर 'पिप डाउनलोड' ही कमांड लॉक फाइलसह चालवून सगळी पॅकेजेस एका फोल्डरात उतरवा. तो फोल्डर ऑफलाइन मशिनवर न्या आणि तिथे 'पिप इन्स्टॉल'ला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे दोन पर्याय द्या. पहिला म्हणतो की नेटवरच्या कोठारात बघू नको, दुसरा म्हणतो की या फोल्डरात बघ. दोन सापळे आहेत. तयारीच्या मशिनचा प्रोसेसर किंवा पायथनची आवृत्ती वेगळी असेल तर उतरवलेली व्हील (आधीच बांधून तयार असलेली पॅकेजेस) तिकडे चालत नाहीत. आणि एखादं पॅकेज व्हीलऐवजी मूळ कोडच्या स्वरूपात आलं, तर ते बांधण्यासाठी लागणारं सेटअपटूल्ससारखं साहित्य फोल्डरात नसतं, त्यामुळे इन्स्टॉल तिथेच अडतं. तयारीच्या मशिनवरच 'पिप व्हील' वापरून सगळ्यांची व्हील करून घेतली की हा दुसरा सापळा मिटतो.

जावा आणि मेव्हन. इथला खड्डा अनेकांना चकवतो. मेव्हनच्या डिपेंडन्सी प्लगइनमध्ये 'गो-ऑफलाइन' नावाची आज्ञा आहे. नाव ऐकून वाटतं, झालं काम. पण टेस्ट चालवणारं शुअरफायर प्लगइन जेयुनिटशी बोलणारा आपला भाग टेस्ट चालू होताना ठरवतं आणि तेव्हाच उतरवतं. 'गो-ऑफलाइन'ला त्याचा पत्ता नसतो. उपाय सरळ आहे: तयारीच्या मशिनवर एक रिकामा लोकल रिपॉझिटरी फोल्डर द्या, टेस्ट खरोखर एकदा चालवा, आणि तो भरलेला फोल्डर उचलून न्या. ग्रेडल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की ग्रेडलचा रॅपर खुद्द ग्रेडलच नेटवरून आणतो, तेव्हा तेही सोबत हवं.

नोड. लॉक फाइलसह 'एनपीएम सीआय' आणि 'ऑफलाइन' पर्याय, सोबत नेलेला कॅशे. पण सायप्रेस आणि पपेटियरसारखी पॅकेजेस इन्स्टॉल होताना मोठी बायनरी वेगळी उतरवतात, ती एनपीएमच्या कॅशेत येत नाही. तिचा स्वतःचा कॅशे फोल्डर असतो, तो वेगळा न्यावा लागतो.

ब्राउझरच्या टेस्ट. प्लेराइटची प्रत्येक आवृत्ती ब्राउझरचा ठरावीक बिल्डच मागते, म्हणून पॅकेज आणि ब्राउझर एकाच वेळी, एकाच मशिनवरून घ्या. सेलेनियमच्या ४.६ आवृत्तीपासून सेलेनियम मॅनेजर सोबत येतो. ड्रायव्हर सापडला नाही तर तो गुपचूप नेटवरून आणतो. नेट असताना ही सोय वाटते, नसताना तीच टेस्ट सुरू होण्याआधी अडते. ड्रायव्हर हाताने ठेवा आणि त्याचा मार्ग स्पष्ट सांगा.

गो. 'गो मॉड व्हेंडर' केलंत की लायब्ररी प्रकल्पातच येतात, आणि प्रॉक्सी 'ऑफ' ठेवली की काही सुटलं असेल तर लगेच समजतं. मात्र १.२१ आवृत्तीपासून मॉड फाइलमध्ये नवी गो आवृत्ती मागितलेली असेल तर गो स्वतःच ती उतरवायला बघतो. टूलचेनची किंमत 'लोकल' करून हे थांबवा. रस्टमध्ये 'कार्गो व्हेंडर' आणि 'ऑफलाइन' पर्याय पुरतात.

कंटेनर. 'डॉकर सेव्ह'ने इमेजची फाइल करा, तिकडे 'डॉकर लोड'. सेव्ह करताना इमेजचं नाव आणि टॅग द्या. नुसता आयडी दिलात तर लोड झाल्यावर इमेज बिननावाची होते आणि स्क्रिप्टला सापडत नाही. टेस्टकंटेनर्स वापरत असाल तर तुमच्या डेटाबेसच्या इमेजसोबत रायुक नावाच्या साफसफाईच्या कंटेनरची इमेजही लागते. ती तुम्ही कधी मागितलेली नसते, त्यामुळे यादीत राहून जाते.

बाहेरच्या सेवेशी बोलणाऱ्या टेस्ट असतील तर तोतया सर्व्हर उभा करा. वायरमॉक किंवा पायथनमधलं व्हीसीआरपाय हे नेट असताना खरी उत्तरं टिपून ठेवतात आणि नंतर तीच ऐकवतात. टिपलेल्या उत्तरांत टोकन आणि कुकी जशीच्या तशी राहतात, ती रिपॉझिटरीत टाकण्याआधी गाळा.

## ४. प्रत्येक रनला ओळख द्या

कोणत्या कोडवर, कोणत्या मशिनवर, केव्हा, हे माहीत नसलेला निकाल आठवड्याने सर्व्हरवर पोचला तर तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो. म्हणून टेस्ट सुरू होण्याआधी एक छोटी जेसन फाइल लिहा. तिच्यात एवढं असू द्या:

- रनची यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडे कुठे पुन्हा न येणारी लांबलचक ओळख. ती ऑफलाइन मशिनवरच तयार करा. सर्व्हरकडून क्रमांक मागायची पद्धत इथे चालत नाही.
- गिटचा पूर्ण कमिट हॅश (हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो), आणि कमिट न केलेले बदल आहेत का. 'गिट डिस्क्राइब'चा 'डर्टी' पर्याय गिटमध्ये अजून न घेतलेल्या नव्या फाइली मोजत नाही, तेव्हा 'गिट स्टेटस'ही बघा. बदल असतील तर डिफ निकालासोबत ठेवा.
- मशिनचं नाव, ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती, लॉक फाइलचा हॅश.
- सुरुवातीची वेळ यूटीसीमध्ये, आणि त्या मशिनवरचा चढता अनुक्रमांक.

हा अनुक्रमांक कशाला, तर ऑफलाइन मशिनच्या घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद होताना साठवलेली वेळच नेटशिवाय चालू झाल्यावर पुन्हा सुरू होते, आणि मधले तास किंवा दिवस गायब होतात. अशा मशिनवर दोन रनपैकी आधीचा कोणता हे वेळेवरून सांगता येत नाही, अनुक्रमांकावरून येतं. लिनक्समध्ये प्रत्येक बूटचा वेगळा आयडी प्रॉक फाइलसिस्टिममध्ये मिळतो, तोही नोंदवा. मशीन मध्येच रीस्टार्ट झालं होतं का हे त्यावरून लगेच कळतं.

याच कारणाने यूयूआयडीची आवृत्ती ४ घ्यावी असं माझं मत आहे. मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ ने प्रमाणित केलेली आवृत्ती ७ वेळेच्या क्रमाने लागते आणि डेटाबेसला ती सोयीची आहे, हे खरं. पण घड्याळच चुकीचं असेल तर तो क्रम खोटा असतो, आणि खोटा क्रम दिसण्यापेक्षा क्रम नसलेला बरा.

टेस्टला किती वेळ लागला हे मोजताना भिंतीवरचं घड्याळ नको, मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं, घड्याळ वापरा. मध्येच नेट येऊन वेळ जुळली तर वजा सेकंदांत संपलेल्या टेस्ट बघायला मिळतात.

## ५. निकाल असा लिहा की वीज गेली तरी उरेल

जेयुनिटच्या धाटणीची एक्सएमएल फाइल जवळपास सगळी साधनं लिहितात आणि वाचतात. पायटेस्ट, मेव्हन, ग्रेडल, सगळ्यांना ती येते. पण पायटेस्ट ही फाइल सगळा रन संपल्यावर लिहितो. शेवटून दुसऱ्या टेस्टला वीज गेली तर हातात काहीच नाही. म्हणून 'पायटेस्ट-रिपोर्टलॉग' हे प्लगइन जोडीला घ्या. ते प्रत्येक टेस्ट होता होताच तिच्या जेसनच्या ओळी फाइलीत घालतं. शेवटची ओळ अर्धी तुटली तरी आधीच्या ओळी शाबूत राहतात. दुसरी भाषा असेल तर तिथेही ओळीओळीने लिहिणारा रिपोर्टर शोधा.

एक्झिट कोडही जसाच्या तसा नोंदवा. पायटेस्टमध्ये ० म्हणजे सगळं पास, १ म्हणजे काही फेल, २ म्हणजे मध्येच थांबवलं, ३ अंतर्गत चूक, ४ कमांड चुकीची दिली, आणि ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. हा ५ महत्त्वाचा. फोल्डरचं नाव चुकलं की शून्य टेस्ट चालतात, शून्य फेल होतात, आणि नुसती फेलची संख्या बघणाऱ्याला ते झकास वाटतं.

रन संपला की सगळ्या फाइली एका फोल्डरात गोळा करून त्याचं एक गाठोडं करा: ओळखीची जेसन, निकाल, लॉग, लागतील ते स्क्रीनशॉट. सगळं एका कॉम्प्रेस केलेल्या फाइलीत, आणि तिचा एसएचए-२५६ हॅश बाजूला. गाठोडं आधी तात्पुरत्या नावाने लिहा, डिस्कवर उतरल्याची खात्री एफसिंकने करा, मग नाव बदला. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे पाठवणाऱ्या प्रोग्रामला अर्धवट गाठोडं कधीच दिसत नाही. तात्पुरती फाइल 'टीएमपी' फोल्डरात ठेवायचा मोह टाळा. तो फोल्डर पुष्कळदा वेगळ्या फाइलसिस्टिमवर असतो, आणि मग नाव बदलण्याच्या ऐवजी सावकाश कॉपी होते. सगळी खबरदारी तिथेच वाया.

फाइलीच्या नावात वेळ घालणार असाल तर तास आणि मिनिटांमध्ये अपूर्णविराम (:) नको. लिनक्सवर तो चालतो, विंडोजवर आणि फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर चालत नाही.

## ६. पाठवायची रांग

चार फोल्डर पुरतात: 'चालू', 'तयार', 'पाठवलेले', 'अडकलेले'. गाठोडं एका फोल्डरातून दुसऱ्यात सरकतं, आणि सध्या काय स्थिती आहे हे फाइलींची यादी बघून कोणालाही सांगता येतं.

काही जण यासाठी एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत मावणारा डेटाबेस, घेतात. तेही चांगलं आहे, विशेषतः रन हजारोंनी असतील तर. फक्त तिचा वॉल मोड (बदल आधी बाजूला लिहून ठेवण्याची पद्धत) चालू असेल तर ताजा डेटा बाजूच्या वेगळ्या फाइलीत असू शकतो. नुसती मुख्य फाइल कॉपी केलीत तर शेवटचे निकाल मागे राहतात, म्हणून तिची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरा. नेटवर्कवरून जोडलेल्या ड्राइव्हवर वॉल मोड चालत नाही. सुरुवात करणाऱ्याने फोल्डरच घ्यावेत.

## ७. पाठवणारी स्क्रिप्ट

ती टायमरवर चालवा. क्रॉन या लिनक्सच्या वेळापत्रकात मशीन बंद असताना हुकलेली वेळ हुकलेलीच राहते. सिस्टिमडीच्या तारखेवर आधारित टायमरला 'पर्सिस्टंट' पर्याय दिला की चालू झाल्यावर हुकलेलं काम लगेच होतं. एका वेळी एकच प्रत चालावी म्हणून 'एफलॉक' लावा, नाहीतर मंद नेटवर दोन प्रती एकच गाठोडं ओढत बसतात.

आता सापळे, आणि इथे ते बरेच आहेत.

कर्ल, म्हणजे कमांडने सर्व्हरला डेटा पाठवणारं साधन. सर्व्हरने ५०० (माझ्याकडे बिघाड) असं उत्तर दिलं तरी कर्लचा एक्झिट कोड शून्यच असतो, कारण त्याच्या दृष्टीने उत्तर मिळालं ना. 'फेल' हा पर्याय दिल्याशिवाय स्क्रिप्टमध्ये कर्ल वापरू नका. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररीही तशीच: चुकीच्या स्टेटसवर स्वतःहून ओरडत नाही, आणि टाइमआउट दिला नाही तर अनंत काळ थांबू शकते.

खोटं २००, म्हणजे खोटं 'ठीक आहे'. काही सार्वजनिक वाय-फाय आधी आपलं लॉगिनचं पान दाखवतात. साध्या एचटीटीपीवर पाठवत असाल तर तुमच्या निकालाला ते पानच २०० म्हणून उत्तर देतं. म्हणून नुसत्या २०० ला पावती मानायचं नाही. सर्व्हरने रनची यूयूआयडी आणि मिळालेल्या फाइलीचा हॅश परत पाठवावा, स्क्रिप्टने तो स्वतःच्या हॅशशी ताडावा, जुळला तरच गाठोडं 'पाठवलेले'मध्ये. आणि एचटीटीपीएस वापरा, हे सांगायला नको.

घड्याळ पुन्हा आडवं येतं. मशिनची वेळ सर्टिफिकेट दिल्याच्या तारखेच्या मागे असेल तर 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' म्हणून जोडणीच नाकारली जाते. नेट आहे, सर्व्हर चालू आहे, तरी काही जात नाही. यावर सर्टिफिकेट तपासणी बंद करणं हा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतील. करू नका. नेट आल्यावर आधी वेळ जुळू द्या, मग पाठवा.

उत्तराप्रमाणे पुढे काय करायचं तेही आधी ठरवून टाका. २०० किंवा २०१ आणि हॅश जुळला, तर पोचलं. ४०९, म्हणजे हा रन सर्व्हरकडे आधीच आहे: हॅश तोच असेल तर पोचलं असं धरा, वेगळा असेल तर 'अडकलेले'. ४०० किंवा ४२२ म्हणजे गाठोड्यातच दोष, पुन्हा पाठवून फरक पडणार नाही, 'अडकलेले'. ४०१ किंवा ४०३ म्हणजे टोकन गेलं. इथे एकेक गाठोडं अडकवत बसू नका, पूर्ण पाठवणी थांबवा आणि माणसाला कळवा. ४१३ म्हणजे फाइल फार मोठी. सर्व्हरपुढे एनजिनेक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी आहे, आणि स्क्रीनशॉट घातले की ती सहज ओलांडते. ४२९ किंवा ५०३ सोबत किती वेळाने या ते सांगितलं असेल तर तेवढं थांबा.

बाकी ५०० च्या घरातली उत्तरं आणि टाइमआउट यांना पुन्हा प्रयत्न, पण दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत, वरची मर्यादा ठेवून, आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळून. पन्नास मशिनना एकाच क्षणी नेट परत मिळालं आणि सगळ्यांनी ठरलेल्या सेकंदालाच धडक दिली, तर नुकता उठलेला सर्व्हर पुन्हा झोपतो.

टाइमआउटचा अर्थ 'पोचलं नाही' असा नसतो. पोचलं असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. म्हणूनच तेच गाठोडं त्याच यूयूआयडीने पुन्हा पाठवता आलं पाहिजे, आणि ते दोनदा पोचलं तरी नोंद एकच राहिली पाहिजे.

टोकन वेगळ्या फाइलीत, फक्त त्या स्क्रिप्टच्या युजरला वाचता येईल असं ठेवा. गाठोड्यात ते जाता कामा नये. टेस्टचा लॉग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स छापत असेल तर ते जातंच, एकदा गाठोडं उघडून शोधून बघा.

## ८. सर्व्हरकडून एवढं मागून घ्या

सर्व्हर दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल तर त्यांना तीन गोष्टी सांगा. रनच्या यूयूआयडीवर युनिक बंधन हवं, म्हणजे एका यूयूआयडीची नोंद एकदाच. रन झाल्याची वेळ आणि सर्व्हरला मिळाल्याची वेळ हे दोन वेगळे रकाने हवेत, आणि पोचण्याच्या क्रमावरून 'सर्वांत ताजा निकाल' ठरवायचा नाही, कारण परवाचा रन आज पोचू शकतो. आणि डॅशबोर्डवर 'पास' आणि 'फेल' यांच्या जोडीला 'अजून आलेला नाही' ही तिसरी स्थिती दिसली पाहिजे. शेवटचा निकाल हिरवा दाखवत बसलेला डॅशबोर्ड, ज्याच्या मागचं मशीन कधीचं बंद पडलंय, तो काहीच न दाखवणाऱ्या डॅशबोर्डपेक्षा घातक.

## ९. नेट कधीच येणार नसेल तर

मग पेनड्राइव्ह. 'तयार'मधली गाठोडी आणि त्यांच्या हॅशची यादी कॉपी करा, ड्राइव्ह नीट अनमाउंट करूनच काढा. नेट असलेल्या मशिनवर 'एसएचए२५६सम'च्या 'चेक' पर्यायाने यादी तपासा आणि तिथून तीच पाठवणारी स्क्रिप्ट चालवा. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, व्हिडिओ जोडत असाल तर आडवं येईल. एक्सफॅट घ्या.

पावत्याही त्याच ड्राइव्हवरून परत आत न्या, तेव्हाच आतली गाठोडी 'पाठवलेले'मध्ये सरकवा. ही परतीची फेरी लोक विसरतात आणि आतली डिस्क भरत जाते.

कोड आत नेण्यासाठी फोल्डर कॉपी करण्यापेक्षा 'गिट बंडल' बरं. एका फाइलीत इतिहासासकट सगळं येतं, 'व्हेरिफाय'ने तपासता येतं, आणि कमिट हॅश दोन्हीकडे तोच राहतो. निकाल कोणत्या कोडचा हा वाद मग उरत नाही.

## १०. मुद्दाम मोडून बघा

खऱ्या कामाला लावण्याआधी हे प्रयोग तयारीच्या मशिनवर करा:

- टेस्ट अर्ध्यात असताना प्रोसेसला 'किल' कमांडने नऊ नंबरचा सिग्नल द्या. 'तयार'मध्ये अर्धवट गाठोडं यायला नको, आणि 'चालू'मधला अपुरा रन पुढच्या वेळी 'मध्येच तुटला' अशा शेऱ्यासह पाठवला गेला पाहिजे.
- पाठवणी अर्ध्यात असताना नेटची केबल काढा, परत लावा.
- डिस्क मुद्दाम भरा. टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामने जागा नाही म्हणून सुरुवातीलाच नकार द्यावा, मध्येच कोसळू नये. जागा करायला काय पुसायचं हेही आत्ताच ठरवा: पावती मिळालेली जुनी गाठोडी पहिल्यांदा, पावती न मिळालेली कधीच नाहीत.
- घड्याळ एक वर्ष मागे न्या आणि पाठवून बघा. चूक लॉगमध्ये वाचता येईल अशी दिसते का?
- टोकन चुकीचं द्या. एकही गाठोडं 'अडकलेले'मध्ये जायला नको.
- 'पाठवलेले'मधलं एक गाठोडं हाताने उचलून परत 'तयार'मध्ये ठेवा. स्क्रिप्ट ते पुन्हा पाठवेल, सर्व्हरवर त्या रनची ओळ एकच राहिली पाहिजे.